दुर्मीळ इंग्रजी क्रियापदाचे मूळ कसे शोधावे: ‘डमकाउ’चा माग

इंग्रजीत एक लहानसा क्रियापदांचा गट आहे. आजच्या इंग्रजांना तो ठाऊक नाही, पण आपल्या कानाला मात्र तो लगेच ओळखीचा वाटतो. पकराउ म्हणजे धरून आणणे, बनाउ म्हणजे रचून सांगणे, लुगाउ म्हणजे होडी धक्क्याला लावणे, फूझिलाउ म्हणजे फूस लावणे, गब्राउ म्हणजे घाबरवून सोडणे, समजाउ म्हणजे ‘समज देणे’ (बहुधा हात उगारूनच), आणि डमकाउ म्हणजे दरडावून गप्प करणे. कंपनी सरकारच्या आणि नंतर राणीच्या अमलात हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्यांच्या बोलण्यातले हे शब्द आहेत.

शब्दांचे मूळ शोधायला शिकायचे असेल तर सुरुवात यांच्यापासून करावी. लॅटिन-ग्रीक यायला हवे असे नाही, मूळ भाषा आपल्या शेजारची आहे आणि लागणारे बहुतेक कोश फुकट पाहता येतात. त्यातही डमकाउ निवडण्याचे कारण असे की त्याच्या मुळाबद्दल दोन जाणत्या माणसांत मतभेद आहे, आणि दोघांची मते छापील रूपात एकाच नोंदीत शेजारी-शेजारी आहेत. शिकणाऱ्याला याहून चांगला धडा मिळत नाही.

आधी तक्ता आखा

शोध सुरू करण्याआधी वहीत किंवा संगणकावर सहा रकान्यांचा तक्ता करा: वर्ष, छापलेले स्पेलिंग जसेच्या तसे, पूर्ण वाक्य, त्या वाक्यातला अर्थ, कोण कोणाला कुठे बोलतो आहे, आणि पुस्तकाची आवृत्ती व पान. पाचवा रकाना नवखे लोक सोडून देतात आणि नंतर पस्तावतात. बोलणारा शिपाई आहे की कलेक्टर, कलकत्त्यात आहे की मुंबईत, यावर पुढे मूळ ठरते. सहाव्या रकान्यात आवृत्ती लिहिणेही तितकेच गरजेचे. पुढच्या आवृत्तीत घातलेला मजकूर पहिल्या आवृत्तीचा समजला की शब्दाचे वय आपोआप वाढते.

‘मूळ’ असा रकाना या तक्त्यात ठेवू नका. तो आधीच आखला की माणूस तो भरायची घाई करतो.

पहिली नोंद आणि तिच्यातले चौकोनी कंस

अँग्लो-इंडियन, म्हणजे हिंदुस्थानातल्या गोऱ्यांच्या बोलीतल्या, शब्दांसाठी पहिला थांबा ‘हॉब्सन-जॉब्सन’. कर्नल हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा हा कोश १८८६ मध्ये निघाला. बर्नेल मद्रासच्या मुलकी सेवेत होते आणि कोश छापून येण्याआधीच, १८८२ मध्ये, वारले. यूल बंगाल इंजिनिअर्समधले. दुसरी आवृत्ती १९०३ मध्ये विल्यम क्रुक यांनी सिद्ध केली. क्रुक यांनी उत्तरेत, मिर्झापूरच्या बाजूला, जिल्ह्याचा कारभार पाहिला होता आणि गावोगावच्या लोककथा, चालीरीती गोळा केल्या होत्या. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संकेतस्थळावर ही दुसरी आवृत्ती शोधता येते, आणि दोन्ही आवृत्त्यांची छायाचित्रित पाने इंटरनेट आर्काइव्हवर आहेत.

नोंद वाचताना एक खूण कधीही विसरू नका. क्रुक यांनी स्वतः घातलेला मजकूर चौकोनी कंसात आहे. कंसाबाहेरचे ते यूल-बर्नेल, आतले ते क्रुक. डमकाउची नोंद उघडली की हे का महत्त्वाचे ते लगेच कळते. यूल म्हणतात की हिंदुस्थानीत (तेव्हाच्या हिंदी-उर्दू बोलीत) ‘दम खाना’ म्हणजे गप्प राहणे. त्यावरून साहेबलोकांनी ‘दमखाओ’ असे सकर्मक क्रियापद केले, आणि इंग्रजीतल्या ‘डम’ म्हणजे मुका व ‘काउ’ म्हणजे दबवणे या शब्दांच्या आवाजाने त्याचे स्पेलिंगही वळवले आणि अर्थही. त्यापुढे चौकोनी कंसात क्रुक एवढेच म्हणतात की ‘धमकाना’ हे मूळ जास्त संभवते, आणि आधाराला प्लॅट्स यांचा उर्दू-हिंदी कोश देतात. कंसाकडे लक्ष न देता नोंद वाचली तर एकच लेखक स्वतःला खोडतो आहे असे वाटते. आणि मधल्याच एखाद्या संकेतस्थळाने अर्धी नोंद उचलली असेल तर तुमच्या हाती दोनांपैकी एकच मत येते, तेही निर्विवाद सत्य म्हणून. म्हणून मूळ पानाचे छायाचित्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यानंतर ऑक्सफर्डचा मोठा कोश पाहा. ताजी आवृत्ती वर्गणीची आहे, ती विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळू शकते. जुनी पहिली आवृत्ती (१८८४ ते १९२८) इंटरनेट आर्काइव्हवर आहे. तिच्यातला डी आणि ई या अक्षरांचा खंड १८९७ चा आहे, म्हणजे क्रुक यांच्या आवृत्तीच्या आधीचा. कोश एकमेकांवरून उतरवतात, त्यामुळे कोणता आधी छापला हे नेहमी पाहावे. चार कोशांनी एकच व्युत्पत्ती दिली आणि चौघांनीही ती यूल यांच्याकडून घेतली असेल, तर तो पुरावा एकच झाला.

स्पेलिंगची रूपे आखून घ्या

दुर्मीळ शब्द सापडत नाही याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे आपण एकच स्पेलिंग शोधतो. त्या काळी देशी शब्द रोमन लिपीत लिहिण्याच्या दोन तऱ्हा होत्या. फोर्ट विल्यम कॉलेजच्या गिलख्रिस्ट यांच्या वळणात ऱ्हस्व ‘अ’साठी यू, ‘ई’साठी दोन ई आणि ‘ऊ’साठी दोन ओ येत. विल्यम जोन्स यांच्या वळणात ‘अ’साठी ए येई, आणि पुढे सरकारी कागदांत हीच रीत रुळली. शिपायांच्या तोंडचे शब्द बहुतेक पहिल्या वळणाने लिहिलेले दिसतात. पण वृत्तपत्रात कोण कसे लिहील याचा नेम नाही.

कोशातले मुख्य रूप डी-यू-एम-बी-सी-ओ-डब्ल्यू असे आहे. त्यात पाच जागा बदलू शकतात: डीनंतर एच आहे की नाही, यू की ए, एमनंतर बी आहे की नाही, सी की के, शेवटी ओडब्ल्यू की एओ. प्रत्येक जागी दोन पर्याय, म्हणजे ३२ रूपे. सगळी शोधायची गरज नाही, सी आणि एओ यांची जोडी क्वचितच कोणी लिहील. बी असलेले आणि नसलेले, सीचे आणि केचे, ओडब्ल्यूचे आणि एओचे अशी, ही जोडी वगळून, सहा आधी घ्या. यूच्या जागी ए व डीनंतर एच ही रूपे नंतर.

प्रत्येक रूपाला भूतकाळाचा ईडी आणि आयएनजी लावून शोधा. डमकाउच्या बाबतीत तर सुरुवातच ईडीच्या रूपाने करावी. नुसते डमकाउ शोधले की शोधयंत्र ते दोन शब्दांत फोडते आणि मुक्या गाईंबद्दलची शेतकी मासिके समोर टाकते. ‘डमकाउड’ ही गाय असू शकत नाही, त्यामुळे कचरा एकदम कमी होतो. संपूर्ण शब्द अवतरणचिन्हांत ठेवायला विसरू नका. मधे जोडरेघ घालूनही एकदा पाहा. ओळीच्या शेवटी शब्द तुटला असेल तर तो तसाच साठवलेला असतो.

उतारे कुठे शोधावेत आणि तारखा कशा फसवतात

पुस्तकांसाठी गूगल बुक्स, हाथीट्रस्ट आणि इंटरनेट आर्काइव्ह. वृत्तपत्रांसाठी ऑस्ट्रेलियाचे ट्रोव्ह आणि न्यूझीलंडचे पेपर्स पास्ट ही दोन्ही फुकट आहेत. वसाहतींतली वृत्तपत्रे हिंदुस्थानातल्या बातम्या आणि किस्से उचलून छापत असत, त्यामुळे अँग्लो-इंडियन शब्द तिथे अनपेक्षितपणे भेटतात. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह वर्गणीचे आहे. मुंबईतल्या एशियाटिक सोसायटीने जुनी पुस्तके व नियतकालिके ‘ग्रंथसंजीवनी’ या संकेतस्थळावर ठेवली आहेत, तिथेही डोकवावे.

छापील पुस्तकांत शब्द किती वेळा येतो ते दाखवणाऱ्या गूगलच्या एनग्राम आलेखावर मात्र विसंबू नका. किमान ४० पुस्तकांत आलेले शब्दच त्यात घेतले जातात. दुर्मीळ क्रियापदाची रेघ शून्यावर दिसली तर त्याचा अर्थ ‘शब्द नव्हता’ असा होत नाही.

तारखांचे तीन सापळे आहेत. पहिला, नियतकालिकांचा: मासिकाच्या सगळ्या अंकांना पहिल्या अंकाचे वर्ष चिकटवलेले असते, त्यामुळे १८७० चा उतारा १८३० चा म्हणून दिसतो. उपाय एकच, पान मागे मागे उलटत अंकाचे मुखपृष्ठ गाठा आणि तिथले वर्ष लिहा. दुसरा, पुनर्मुद्रणांचा: संपादकाची तळटीप मूळ लेखकाची वाटते. तिसरा, अक्षरांचा: १८०० च्या आधीच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब काढलेला असे आणि यंत्र तो ‘एफ’ म्हणून वाचते. डमकाउत एस नाही, पण शॅम्पू (हाही असाच इंग्रजीत गेलेला शब्द) शोधायला घ्याल तेव्हा एफने सुरू होणारे रूपही टाका, नाहीतर अठराव्या शतकातले उतारे हाती लागणारच नाहीत.

उतारा मिळाला की एक प्रश्न विचारा: लेखक शब्द वापरतो आहे की शब्दाबद्दल सांगतो आहे? ‘साहेबलोक याला डमकाउ म्हणतात’ हे वाक्य, आणि ‘त्याने मुनशीला डमकाउ केले’ अशा धर्तीचे वाक्य, या दोन वेगळ्या प्रतीच्या साक्षी आहेत. दुसऱ्या प्रकारच्या वाक्याने शब्द खरोखर बोलीत होता हे ठरते. तक्त्यात दोन्हींना वेगळी खूण करा.

मूळ ठरवण्याच्या कसोट्या

आता दोन्ही दावेदार समोर घ्या, दम खाओ आणि धमकाओ. तिसराही घ्या, कारण तो मांडलाच नाही तर पुढे कोणीतरी मांडतो: इंग्रजीतल्याच ‘डम’ आणि ‘काउ’ यांचा घरगुती समास.

ध्वनीची कसोटी आधी. इंग्रजाच्या कानाला द-ध हा भेद कळत नाही, म्हणून ‘ध’चा डी होतो. क-ख हा भेदही त्याला नाही, आघात असलेल्या अक्षराच्या सुरुवातीचा त्याचा ‘क’ आपल्याला किंचित ‘ख’सारखाच ऐकू येतो. ऱ्हस्व ‘अ’ म्हणजे त्याचा ‘कट’मधला यू. ‘आओ’ म्हणजे ‘काउ’मधला ओडब्ल्यू. ‘डम’मधला बी उच्चारला जात नाही. या हिशेबाने दम खाओ आणि धमकाओ दोन्ही डमकाउपर्यंत सारख्याच सहजतेने पोचतात. म्हणजे ध्वनीवरून निकाल लागत नाही, आणि हे तसेच लिहून ठेवावे. आवाज जुळला की मूळ सापडले असे मानून शोध तिथेच थांबवणे, ही या क्षेत्रातली सर्वांत सामान्य चूक आहे.

ओडब्ल्यूबद्दल एक सावधगिरी. इंग्रजीत तो ‘काउ’सारखाही वाचला जातो आणि ‘शो’सारखाही. पकराउच्या नोंदीत याचाच पेच आहे. ‘पकडना’चे आज्ञार्थी रूप ‘पकडो’, त्यात ‘आओ’ नाही. म्हणून यूल यांना ‘पकडाओ’ हे प्रयोजक रूप किंवा ‘पकड आओ’ असे जोडरूप धरावे लागले. उच्चार ठरवायला विनोदी पद्ये उपयोगी पडतात, यमक कशाशी जुळवले आहे ते पाहा.

पुढची कसोटी व्याकरणाची. या गटातली क्रियापदे आज्ञार्थी रूपावरून आली आहेत. कारण उघड आहे: साहेब नोकराशी किंवा शिपायाशी बोलताना हुकूमच देत होता, त्याच्या तोंडी क्रियापदाचे तेवढेच रूप बसले आणि त्यालाच त्याने धातू मानले. बनाओ, लगाओ, फुसलाओ, समझाओ, घबराओ. या रांगेत ‘धमकाओ’ तंतोतंत बसते. ‘दम खाओ’ हेही आज्ञार्थी आहे, पण ते दोन शब्दांचे आहे, गटातल्या इतरांसारखे एकशब्दी नाही.

मग अर्थ आणि कर्म. डमकाउ सकर्मक आहे, कोणीतरी कोणालातरी डमकाउ करतो. ‘धमकाना’ही सकर्मक, आणि प्लॅट्स यांनी त्याचा अर्थच दटावणे, धमकी देऊन दाबणे असा दिला आहे. काही बदलावे लागत नाही. ‘दम खाना’ म्हणजे स्वतः गप्प बसणे. त्यावरून ‘दुसऱ्याला गप्प बसवणे’ येण्यासाठी एक उडी मारावी लागते. क्रुक यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे.

पण इथे थांबून विरुद्ध बाजूचा पुरावा शोधायलाच हवा, आणि तो त्याच कोशात आहे. गब्राउ पाहा. ‘घबराना’ बहुतेक वेळा अकर्मक, म्हणजे स्वतः घाबरणे. इंग्रजीत गेल्यावर मात्र गब्राउ म्हणजे दुसऱ्याला घाबरवणे. यूल यांनी स्वतःच हा फरक नोंदवला आहे. म्हणजे जी उडी ‘दम खाओ’ला मारावी लागते ती याच गटातल्या दुसऱ्या शब्दाने मारलेली आहे. त्यामुळे यूल यांचे मत अशक्य ठरत नाही. ते फक्त जास्त खर्चाचे ठरते: दोन शब्दांचा एक होणे, अकर्मकाचे सकर्मक होणे आणि वर इंग्रजी शब्दांनी अर्थ वळवणे, अशा तीन गोष्टी घडाव्या लागतात. धमकाओला फक्त उच्चार ढिला व्हावा लागतो. पारडे क्रुक यांच्याकडे झुकते.

इंग्रजी समासाचा दावा वेगळ्या तऱ्हेने तपासायचा. ‘काउ’ हे दबवण्याच्या अर्थाचे क्रियापद इंग्रजीत जुनेच आहे, ‘मॅक्बेथ’मध्ये ते येते. ‘डम’ने सुरू होणारे ‘डमफाउंड’ (थक्क करून सोडणे) सतराव्या शतकापासून आहे. म्हणजे असा समास होऊ शकला असता. तो इंग्लंडात झाला असेल तर हिंदुस्थानाशी संबंध नसलेल्या लिखाणातही सापडायला हवा. जोसेफ राइट यांचा इंग्लंडच्या बोलींचा सहा खंडांचा कोश (१८९८ ते १९०५) इंटरनेट आर्काइव्हवर आहे, तो उघडा, आणि आपल्या तक्त्याचा पाचवा रकाना वाचा. सगळ्या ओळी छावणी, कचेरी आणि बंगला यांच्याच असतील तर हा दावा बाजूला ठेवावा. मात्र इंग्रजी शब्दांचा हातभार नाकारू नये. स्पेलिंगमध्ये बी शिरला तो तिथूनच.

मराठी कान

या कामात मराठी वाचकाला एक फायदा आहे आणि त्यालाच लागून एक धोका. फायदा असा की दावेदार लगेच सुचतात. धोका असा की मराठी अर्थ नकळत पुराव्यात शिरतो. ‘दम देणे’ म्हणजे मराठीत सरळ धमकावणे, त्यामुळे डमकाउ ऐकताच आपण ‘दम’कडे ओढले जातो. पण यूल यांचा ‘दम’ हा फारसीतून आलेला, श्वास या अर्थाचा. संस्कृतातही ‘दम’ आहे, निग्रह या अर्थाचा. प्लॅट्स यांच्या १८८४ च्या कोशात शब्दाच्या आधी पी, एस, एच अशी अक्षरे असतात: फारसी, संस्कृत, हिंदी. ती पाहून कोणता ‘दम’ हे आधी ठरवा. मग मोल्सवर्थ यांच्या मराठी कोशाची १८५७ ची आवृत्ती उघडा आणि आपला आजचा अर्थ त्या काळी कुठवर पसरला होता ते तपासा. दोन्ही कोश त्याच शिकागोच्या संकेतस्थळावर आहेत.

शब्द मराठीतूनच गेला असेल का, हेही रूपावरून कळते. मराठी आज्ञार्थ ‘धमकाव’, ‘बनव’, ‘लाव’ असा ‘व’वर संपतो. त्यावरून इंग्रजीत व्हीचे किंवा डब्ल्यूचे काही वेगळे रूप यायला हवे होते. गटातल्या शब्दांची ‘आओ’ ही अखेर हिंदुस्थानीकडे बोट दाखवते. त्याहून मागे, प्राकृत-संस्कृतापर्यंत जायचे असेल तर आर. एल. टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश (१९६२ ते १९६६) वापरा. पण ती पायरी वेगळी लिहा. इंग्रजीने शब्द हिंदुस्थानीतून घेतला, संस्कृतातून नव्हे. शॅम्पूबाबत हा घोळ फार होतो. यूल यांच्या मते तो ‘चांपना’च्या ‘चांपो’ या आज्ञार्थावरून आला असण्याचा संभव सर्वांत जास्त आहे, आणि सुरुवातीला त्याचा अर्थ अंग रगडणे, चेपणे हाच होता. पाटण्याचे शेख दीन मोहम्मद ब्रायटनमध्ये याच अर्थाने ‘शॅम्पूइंग’ करत, आणि त्यांनी १८२२ मध्ये त्यावर पुस्तकही काढले. केस धुण्याचा अर्थ नंतरचा. आपले ‘चेपणे’ त्याचे नातलग वाटले तरी ते नाते टर्नर यांच्या कोशात पाहून मगच लिहावे.

निष्कर्ष कसा लिहायचा

तीनच शब्द वापरा: निश्चित, बहुधा, शक्य. ‘निश्चित’ तेव्हाच म्हणा जेव्हा त्या काळच्या लिखाणात मूळ शब्द आणि इंग्रजी शब्द एकाच वाक्यात जोडून आलेले दिसतील किंवा दुसरा दावेदारच उरणार नाही. डमकाउची नोंद अशी होईल:

‘डमकाउ, सकर्मक क्रियापद, अँग्लो-इंडियन. दरडावून गप्प करणे. बहुधा हिंदुस्थानी धमकाना, आज्ञार्थी धमकाओ (क्रुक, १९०३). शक्य: दम खाना, आज्ञार्थी दम खाओ (यूल, १८८६). स्पेलिंगवर इंग्रजी डम व काउ यांचा परिणाम.’ त्याखाली तुमच्या तक्त्यातला सर्वांत जुना उतारा, वर्ष आणि पानासह. तो ऑक्सफर्डच्या पहिल्या उताऱ्याहून जुना निघाला तर त्यांच्या संकेतस्थळावरून पाठवा. वाचकांनी पाठवलेले उतारे तिथे तपासून घेतले जातात.

पुढचा शब्द म्हणून फूझिलाउ घ्यावा, ‘फुसलाना’शी त्याचा आवाज, अर्थ आणि कर्म सगळेच जुळते, त्यामुळे सगळा वेळ तारखा शोधायला देता येतो. लुगाउ शेवटी ठेवा. जॉन शेक्सपिअर (नाटककार नव्हेत, हिंदुस्थानीचे कोशकार) यांनी ‘लगाना’चे अर्थ ओळीने दिले, पण होडी काठाला लावणे हा अर्थ त्या यादीत नाही, असे यूल यांनी दाखवून दिले आहे. तिथे कोशांपेक्षा गंगेवरून होडीने केलेल्या प्रवासांची वर्णने आणि नदीवरच्या वाहतुकीचे कागद आधी चाळावे लागतील.